एफआरपीतला ‘आर’: इंग्रजीचा पुढचा शब्दसाठा कसा जमवायचा

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस पिकवणाऱ्या घरात एफआरपी माहीत नाही असं होत नाही. गळीत हंगाम तोंडावर आला की चौकाचौकात दुसरा विषय नसतो. एफआरपी म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच ‘फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस’. आता गंमत बघा. ‘रेम्युनरेटिव्ह’ हा शब्द स्पर्धा परीक्षांच्या अवघड शब्दांच्या यादीत हमखास असतो. पोरं तो घोकतात आणि चार दिवसांत विसरतात. घरात मात्र तो वर्षानुवर्षं वावरतोय, नुसत्या आद्याक्षराच्या रूपात.

यादीतला शब्द निसटतो कारण त्याला आगापिछा नसतो. एफआरपीतला ‘आर’ एकदा उलगडून सांगितला की निसटत नाही, कारण त्याच्या शेजारी ‘प्राइस’ आहे, ऊस आहे, थकबाकी आहे, रस्त्यावर अडवलेले ट्रॅक्टर आहेत. मग ‘रेम्युनरेटिव्ह जॉब’, ‘रेम्युनरेटिव्ह क्रॉप’ ही जोडपी आपोआप सुचतात. थकबाकीला ‘अरिअर्स’ म्हणतात, साखर उताऱ्याला ‘रिकव्हरी’ म्हणतात, आणि एकरी उत्पादनाचा ‘यील्ड’ हाच शब्द ‘यील्ड टू प्रेशर’ म्हणजे दबावापुढे नमणं असाही वापरतात, हे त्याच ओघात कळतं. शब्दांना असा शेजार मिळवून देणं, एवढंच हे काम. ते कसं करायचं आणि बहुतेकांचं कुठं फसतं, ते पुढे.

लागतात तरी किती?

आकड्यांपासून सुरुवात केलेली बरी, कारण बाजारात मिळणारी आश्वासनं आकड्यांचीच असतात. भाषातज्ज्ञ सुटे शब्द मोजत नाहीत, शब्दकुटुंबं मोजतात. ‘अ‍ॅग्री’, ‘अ‍ॅग्रीमेंट’, ‘डिसअ‍ॅग्री’, ‘अ‍ॅग्रीएबल’ हे एकच कुटुंब. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे या विषयातले जाणकार. त्यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार, इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्रातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवे असतील, तर ८ ते ९ हजार कुटुंबं माहीत असावी लागतात. बोललेलं समजायला ६ ते ७ हजार पुरतात. सगळ्यात जास्त वापरातली पहिली २ हजार कुटुंबंच छापील मजकुराचा जवळपास ८० टक्के भाग व्यापतात. मराठी माध्यमातून कॉलेजात आलेल्या मुलाकडे साधारणपणे ही २ हजार आणि त्यावर थोडी असतात. खरी वाट तिथून पुढची.

‘३० दिवसांत ५००० शब्द’ अशी जाहिरात दिसली की भागाकार करून बघावा. रोजचे १६६ शब्द होतात. एवढे शब्द नुसते वहीत उतरवून काढायलाच दोन तास लागतील, मग लक्षात ठेवणं दूरच.

९८ टक्के म्हणजे ५० शब्दांत एक अनोळखी. ही चाचणी घरी करता येते. इंग्रजी पेपरातला कुठलाही उतारा घ्या, १०० शब्द मोजा, न कळलेल्यांखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. दोन-तीन रेघा आल्या तर तो मजकूर तुमच्या पातळीचा आहे. पाचाच्या वर गेल्या तर वाचन सुटतं आणि कोशातच डोकं अडकतं, तेव्हा तो मजकूर सहा महिने बाजूला ठेवा. अग्रलेखापासून सुरुवात करा असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते सुरुवातीच्या माणसासाठी तो चुकीचा आहे. जिल्ह्याची बातमी, क्रिकेटचा वृत्तान्त, शेतीबाजार यांपासून सुरुवात करावी, कारण त्यातली गोष्ट आधीच माहीत असते आणि सगळं लक्ष शब्दावर राहतं.

इंजिनिअरिंग, एमबीए किंवा परदेशी शिक्षणाची तयारी करणाऱ्यांसाठी मधे एक पायरी आहे आणि ती बरेच जण गाळतात. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुटुंबांची एक यादी प्रसिद्ध केली. पाठ्यपुस्तकं आणि शोधनिबंध यांतला सुमारे १० टक्के मजकूर एवढ्याच कुटुंबांनी भरलेला असतो. ‘डिराइव्ह’, ‘कन्सिस्टंट’, ‘सब्सिक्वंट’, ‘व्हेअरअ‍ॅज’ असले बिनचेहऱ्याचे शब्द त्यात आहेत. दिसायला रुबाबदार नाहीत म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नाही. पण हे कच्चे असताना ‘ओब्स्ट्रेपरस’ (दंगेखोर) पाठ करणं म्हणजे शड्डू ठोकता येतो पण बैठका माराय येत नाहीत, त्यातला प्रकार.

शब्दाचा शेजार

मराठीत आपण दात घासतो, तोंड धुतो, अंघोळ करतो. ‘दात धुतले’ असं कुणी म्हटलं तर अर्थ कळतो, पण माणूस बाहेरचा आहे हेही कळतं. कुस्ती तालमीत खेळतात, मैदानात मारतात आणि कधी ती बरोबरीत सुटते. रस्सा ओरपतात, ताक पितात. हे नियम कुणी शिकवलेले नसतात, तरी चुकत नाहीत.

इंग्रजीलाही अशा सवयी आहेत आणि वरच्या पातळीवर खरी परीक्षा त्यांचीच असते. आपल्याकडे पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. ‘स्ट्राँग रेन’ म्हटलं तर व्याकरण बरोबर, पण दात धुतल्यासारखं.

आता चार शब्द घ्या: ‘मिटिगेट’, ‘अलीव्हिएट’, ‘कर्टेल’, ‘अबेट’. बाजारातल्या बहुतेक शब्दयाद्यांमध्ये चौघांसमोर एकच अर्थ छापलेला असतो, ‘कमी करणे’ किंवा ‘कमी होणे’. या यादीवरून वाक्य करायला बसलं की घोळ होतो. ‘मिटिगेट’ला धोका, नुकसान, परिणाम लागतात: ‘मिटिगेट द रिस्क’, ‘मिटिगेट द इम्पॅक्ट’. ‘अलीव्हिएट’ दुःखाच्या बाजूचा, म्हणून ‘अलीव्हिएट पेन’, ‘अलीव्हिएट पॉव्हर्टी’. ‘कर्टेल’मध्ये कात्री आहे, खर्च, अधिकार, स्वातंत्र्य यांना ती लागते. ‘अबेट’ बहुतेक वेळा आपला आपण होतो, ‘द स्टॉर्म अबेटेड’. मराठीत याला ‘ओसरणे’ असा नेमका शब्द आहे. पाऊस ओसरतो, गर्दी ओसरते, राग ओसरतो. वहीत ‘अबेट’पुढे ‘कमी होणे’ लिहिण्याऐवजी ‘ओसरणे’ लिहिलं की अर्धं काम झालं, कारण मराठी शब्द येताना आपले शेजारी बरोबर घेऊन येतो.

म्हणून अर्थ लिहिताना मराठीत थोडं खोल उतरा. ‘फ्रुगल’ म्हणजे काटकसरी, ‘मायझर्ली’ म्हणजे कवडीचुंबक, ‘स्टिंजी’ म्हणजे चिंगूस. तिघांपुढेही ‘कमी खर्च करणारा’ असं लिहिलंत, तर एखाद्या दिवशी कौतुक करायला जाल आणि समोरच्याला चिंगूस म्हणून याल. ‘स्लिम’ सडपातळ, ‘स्किनी’ किडकिडीत, ‘गाँट’ खंगलेला. ज्याचं मराठी सकस आहे त्याला इथं मोठा फायदा मिळतो. मराठी विसरून इंग्रजी वाढतं हा समज खोटा आहे.

दोन वाक्यांतून काय काय निघतं

पुराच्या दिवसांत इंग्रजी पेपरात येतात तसली दोन वाक्यं घेऊ: ‘द स्वोलन पंचगंगा ब्रीच्ड द डेंजर मार्क ऑफ फॉर्टी-थ्री फीट, इनन्डेटिंग लो-लाइंग एरियाज अँड मरूनिंग सेव्हरल व्हिलेजेस. बाय द वीकेंड द फ्लडवॉटर्स हॅड बिगन टू रिसीड.’ राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते, त्यामुळं वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. शब्द तेवढे उचलायचे.

‘ब्रीच’ म्हणजे मर्यादा ओलांडणं, मोडणं. नदी धोका पातळी ‘ब्रीच’ करते. बंधाऱ्याला पडलेलं भगदाडही ‘ब्रीच’. तोच शब्द कोर्टात गेला की ‘ब्रीच ऑफ कॉन्ट्रॅक्ट’, विधानसभेत गेला की ‘ब्रीच ऑफ प्रिव्हिलेज’, म्हणजे आपला हक्कभंग. मराठीतला ‘भंग’ जिथं जिथं जातो, हक्कभंग, करारभंग, शांतताभंग, तिथं ‘ब्रीच’ बऱ्याचदा चालतो. पण वचनभंग म्हणताना ‘ब्रीच ऑफ प्रॉमिस’ हा कायद्याच्या भाषेतला प्रयोग आहे. मित्रानं शब्द पाळला नाही तर साधं ‘ही ब्रोक हिज प्रॉमिस’.

‘इनन्डेट’मध्ये लॅटिन ‘उंडा’ आहे, म्हणजे लाट. संस्कृतातलं ‘उदक’ त्याच घराण्यातलं, आणि इंग्रजीतला ‘वॉटर’सुद्धा. ‘अबंडंट’ म्हणजे काठ ओलांडून वाहण्याइतकं, ‘रिडंडंट’ म्हणजे भरून परत बाहेर सांडणारं, म्हणून अनावश्यक. दोघांतही तीच लाट आहे. आणि पाण्याशिवायही माणसं ‘इनन्डेटेड’ होतात: निकालाच्या दिवशी ऑफिस ‘इनन्डेटेड विथ कॉल्स’ असतं. इथं ‘विथ’ लागतो, हे शब्दासोबतच टिपायचं.

‘मरून’ म्हणजे चहूबाजूंनी पाणी आणि मधे अडकणं. कपड्याच्या मरून रंगाशी याचा संबंध नाही. तो रंग फ्रेंच भाषेतल्या चेस्टनटच्या फळावरून आला. ‘रिसीड’ पाणी मागं हटतं तेव्हा. कपाळावरचे केस मागं हटतात तेव्हाही ‘रिसीडिंग हेअरलाइन’. मागं हटलेली अर्थव्यवस्था म्हणजे ‘रिसेशन’. ‘प्रिसीड’, ‘एक्सीड’, ‘कन्सीड’, ‘सिसीड’ ही सगळी त्याचीच भावंडं, प्रत्येकात कुणीतरी कुठंतरी सरकतंय.

दोन वाक्यांतून चार शब्द, आणि त्यांच्यासोबत आठ-दहा नातेवाईक. एका दिवसाला एवढं पुरे. एकच विषय दोन-तीन आठवडे धरून ठेवला तर अजून फायदा होतो, कारण पुराच्या बातम्यांत तेच शब्द रोज परत भेटतात आणि न घोकता मुरतात. ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ ही बातमी दरवर्षी येते. ‘डिस्चार्ज’, ‘कॅचमेंट’, ‘क्युसेक’ तिच्याबरोबर येतातच.

जुवाखालची पोतडी

अवघड इंग्रजी शब्दांतले बरेचसे लॅटिन किंवा ग्रीक धातूंवर उभे असतात, आणि या भाषा संस्कृतच्या दूरच्या बहिणी. त्यामुळं मराठी माणसाच्या हातात एक किल्ली आयतीच आहे. बैलांच्या मानेवरचं जू घ्या. संस्कृतात ‘युग’, लॅटिनमध्ये ‘जुगम’, इंग्रजीत ‘योक’, सगळं एकच. रोमन सैन्य हरलेल्या शत्रूला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावायचं, त्यावरून ‘सबजुगेट’, म्हणजे गुलाम करणं. एका जुवाला जुंपलेले दोघं म्हणजे नवराबायको, म्हणून ‘कॉन्जुगल’. जोडणं या धातूवरून ‘कन्जंक्शन’, ‘अ‍ॅडजंक्ट’ आणि आपलं मिरज जंक्शन. तसंच अमर आणि ‘इम्मॉर्टल’, दंत आणि ‘डेंटल’, विधवा आणि ‘विडो’, सर्प आणि ‘सर्पंट’, दान आणि ‘डोनेट’.

गुळाच्या गावात अजून एक नातं सांगायलाच हवं. संस्कृत ‘शर्करा’ फारसी-अरबीतून फिरत युरोपात गेली आणि ‘शुगर’ झाली. दक्षिण भारतातून पोर्तुगिजांच्या हातून गेली ती ‘जॅगरी’ झाली. ग्रीकांच्या वाटेनं गेली ती ‘सॅकरिन’. या शेवटच्या शब्दाचं विशेषण वरच्या इंग्रजीत फार चालतं: ‘सॅकरिन स्माइल’ म्हणजे नको इतकं गोड, खोटं हसू. कोश त्याला चार ओळींत समजावतो. मराठीत एका शब्दात होतं: गुळचट.

पण या किल्लीनं सगळी कुलपं उघडत नाहीत. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार या सगळ्यांत एकच ‘हृ’ धातू आहे. उपसर्ग लागला की अर्थ कुठल्या कुठं जातो. धातू माहीत असून ‘आहार’ म्हणजे जेवण हे ताडता येत नाही. इंग्रजीत असे सापळे जागोजागी आहेत. ‘एनर्व्हेट’ दिसतो ‘एनर्जी’सारखा, पण अर्थ अंगातली शक्ती काढून घेणं. ‘रेस्टिव्ह’मध्ये विश्रांती नाही, उलट चुळबुळ आहे. ‘नॉइसम’ आवाजाचा नाही, दुर्गंधीचा. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, अनमोल. तेव्हा धातू शब्द लक्षात ठेवायला वापरावा, अर्थ ओळखायला वापरला तर कोश उघडून खात्री करावी.

जुने शब्द कारखान्यातही सापडतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला ‘अलॉय’ आणि ‘टेम्परिंग’ समजावून सांगावं लागत नाही. तोच ‘अलॉय’ ‘अनअलॉइड जॉय’मध्ये येतो: दुसरा धातू न मिसळलेला, म्हणजे निर्भेळ आनंद. ‘टेम्पर जस्टिस विथ मर्सी’मध्ये न्यायाला दयेचं पाणी दिलेलं असतं. ‘क्रुसिबल’ म्हणजे मूस, आणि मुशीतून तावून सुलाखून निघणं दोन्ही भाषांत एकच. तालमीतल्यानं ‘ग्रॅपल’ उचलावा: ‘ग्रॅपल विथ अ प्रॉब्लेम’, अडचणीशी झोंबी.

मटणाचा मान आणि शब्दांचे थर

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढं काही शतकं दरबार फ्रेंच बोलत राहिला. गोठ्यात इंग्रजी, ताटात फ्रेंच. म्हणून जिवंत मेंढी ‘शीप’ आणि शिजलेली ‘मटन’, जे फ्रेंच ‘मूतों’वरून आलं. तो शब्द आपल्याकडे येऊन बोकडाला चिकटला. लंडनमध्ये ‘मटन’ म्हणाल तर ताटात मेंढी येईल. आपलं मटण हवं असेल तर ‘गोट’ म्हणावं लागतं.

या घडामोडीमुळं इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-तीन थरांचे शब्द आहेत: ‘आस्क’ घरगुती, ‘क्वेश्चन’ मधला, ‘इंटरॉगेट’ चौकीतला. मराठीतलं पाणी आणि जल, डोळा आणि नेत्र असंच. ‘जल पिऊन येतो’ असं कुणी म्हणत नाही, आणि ‘जलसंपदा विभागा’ला ‘पाणीपैसा खातं’ म्हणता येत नाही. वरच्या शब्दसाठ्याचा मोह लागला की पोरं सगळीकडे वरचा थर वापरतात. ‘आय कमेन्स्ड माय ब्रेकफास्ट’ हे वाक्य वाचून मुलाखत घेणारा हसू दाबतो. ‘नाद खुळा’ रंकाळ्यावर शोभतं, कोर्टात नाही. कोल्हापुरात २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, तिथं ‘प्रेअर’ म्हणजे देवाची प्रार्थना नव्हे तर अर्जातली मागणी. शब्द टिपताना त्याच्या कोपऱ्यात एकच खूण करा, घरचा, ऑफिसचा की कोर्टाचा.

मराठीची टाच कुठं लागते

काही चुका मराठी माणूस ठरावीक जागी करतो, कारण त्या मराठीच्या प्रत्ययांतून येतात. आपण एखाद्या गोष्टी*विषयी* चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ होतं. हवं नुसतं ‘डिस्कस’. आपण मुद्द्या*वर* भर देतो, म्हणून ‘एम्फसाइज ऑन’. तिथंही ‘ऑन’ नको, पण नाम आलं की ‘एम्फसिस ऑन’ बरोबर. लग्न अमक्या*शी* होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’. हवं ‘मॅरीड टू’. ‘सिनिअर दॅन’ नव्हे, ‘सिनिअर टू’. ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही, ‘इन स्पाइट’ला लागतो. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ कुठून शिरला देव जाणे.

दुसरा सापळा मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा. ते माहीत आहेत असं वाटतं, म्हणून कुणी तपासत नाही. आपल्याकडे ‘पास आउट’ म्हणजे पदवी मिळवणं. अमेरिकेत कुणी ‘पास्ड आउट’ म्हणजे बेशुद्ध पडला. ‘डॅशिंग’ आपल्याला धाडसी वाटतो, त्यांना देखणा आणि ऐटबाज. ‘हॉटेल’मध्ये आपण मिसळ खातो, ते मुक्काम करतात. गाडीचा ‘अ‍ॅव्हरेज’ त्यांच्याकडे ‘मायलेज’. वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं तर परदेशी शिक्षकाला वाटतं याला माझ्या बोलण्यावर शंका आहे. तिथं ‘आय हॅव अ क्वेश्चन’.

मोजता न येणाऱ्या नामांनाही आपण अनेकवचन लावतो: ‘इक्विपमेंट्स’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘अ‍ॅडव्हाइसेस’. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ अशी खूण असते. ‘यू’ म्हणजे अनेकवचन नाही. केंब्रिज, लाँगमन, ऑक्सफर्ड यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. लाँगमनच्या कोशातल्या व्याख्या सुमारे २००० साध्या शब्दांत लिहिलेल्या असतात, त्यामुळं एक शब्द बघायला गेलो आणि पाच नवे निघाले असं होत नाही. नुसता अर्थ सांगणारं इंग्रजी-मराठी अ‍ॅप घाईत बरं, पण शेजार दाखवत नाही.

उच्चार बघताना तिथलं स्पीकरचं चिन्ह दाबा. ‘सटल’ आणि ‘डेट’ (कर्ज) यांतला ‘बी’ बोलत नाहीत; लॅटिनप्रेमी पंडितांनी तो नंतर घुसवला. ‘एपिटमी’ आणि ‘हायपर्बली’ चार-चार अवयवांचे आहेत, ‘एपिटोम’ आणि ‘हायपरबोल’ नव्हेत. देवनागरीत उच्चार लिहून ठेवायला हरकत नाही, पण जोर कुठल्या अवयवावर आहे ते अधोरेखित करा. मराठीत जोराला तितकं महत्त्व नाही, म्हणून तेवढंच राहून जातं.

खोका आणि हिशेब

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं निरर्थक अक्षरं पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून, १८८५ साली दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि मग मंदावतं. उजळणीच्या साऱ्या पद्धती याच निरीक्षणावर उभ्या आहेत: पहिली उजळणी लवकर, पुढची थोडी उशिरा, त्यापुढची आणखी उशिरा. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. अर्थ झाकून आठवायचा. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि तीच फसगत असते.

साहित्य साधं आहे. जाड कागदाची साधारण ३ बाय ५ इंचाची कार्डं आणि मिठाईचा एक रिकामा खोका, पुठ्ठ्यानं पाच कप्पे केलेला. ही पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं तर सरळ पहिल्यात. मोबाइलवर करायचं असेल तर ‘अँकी’ हे अ‍ॅप हाच हिशेब आपोआप करतं. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत.

कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नका. वाक्य लिहा, शब्दाच्या जागी रेघ आणि पहिलं अक्षर: ‘द फ्लडवॉटर्स हॅव बिगन टू आर—’. मागं शब्द, नेमका मराठी अर्थ, दोन शेजारी आणि वर सांगितलेली खूण. एका कार्डावर एकच अर्थ. चार अर्थ कोंबले की दोन आठवतात, दोन नाही, आणि कार्ड पुढं ढकलायचं की मागं, हेच कळत नाही.

रोज पाच नवे. आकडा लहान वाटतो, म्हणून हिशेब करू. प्रत्येक शब्दाच्या निदान पाच उजळण्या, म्हणजे काही आठवड्यांनी रोज २५ कार्डं आणि चुकलेली धरून ३०. दर कार्डाला १० सेकंद धरले तर पाच मिनिटं. केएमटीच्या बसमध्ये उभ्या उभ्या होतं. हेच रोज ३० नवे घेतले तर उजळणी १८० कार्डांवर जाते, अर्धा तास नुसती कार्डं उलटण्यात जातो, एक दिवस चुकला की ढीग साठतो आणि तिसऱ्या आठवड्यात खोका कपाटावर चढतो. रविवारी नवं काही नाही. आठवड्याचे ३०, सणवार, जत्रा, परीक्षा वगळून वर्षाचे ४५ आठवडे धरले तर १३५० शब्द. ३ हजारांवरून ८ हजारांकडे जायला अशी तीन-चार वर्षं लागतात, वाचन चालू असेल तर थोडी कमी.

यादी बनवताना एक गोष्ट मात्र जरूर टाळा. सारखे दिसणारे किंवा विरुद्ध अर्थाचे नवे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. ‘एमिनंट’ आणि ‘इमिनंट’, ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’, ‘प्रिस्क्राइब’ आणि ‘प्रोस्क्राइब’ एकत्र शिकले की जन्मभर एकमेकांत अडकतात. एक पक्का होऊ द्या, चौथ्या कप्प्यात जाऊ द्या, मग दुसरा आणा. समानार्थी शब्दांचे तक्ते याच कारणानं फसतात. ते अर्धवट माहीत असलेल्या शब्दांमधला फरक करायला चांगले, नवे शिकायला वाईट.

ओळखता येणं आणि वापरता येणं यांत अंतर असतं, आणि ते खोक्यानं मिटत नाही. तिसऱ्या कप्प्यात पोचलेल्या शब्दांपैकी तीन उचलून रोज चार ओळी लिहा, विषय गावातलाच: कालचा पाऊस, बाजार समितीतले गुळाचे सौदे, गल्लीतला पाण्याचा प्रश्न. लिहून झाल्यावर त्या शब्दाचा शेजार कोशातल्या उदाहरणांशी ताडून बघा. ‘मिटिगेट’पुढे तुम्ही ‘हॅपिनेस’ लिहिलं असेल तर तिथंच कळेल.

काही कार्डं आठ-आठ वेळा पहिल्या कप्प्यात परत येतात. त्यांच्याशी हट्ट करू नका. बहुतेकदा दोष वाक्यात असतो: कुठल्या तरी पुस्तकातून उचललेलं, ज्यातलं चित्र डोळ्यांपुढे येत नाही असं. वाक्य बदला, त्यात ओळखीची जागा घाला, बिंदू चौक, गंगावेश, पंचगंगेचा घाट. तरीही परत आलं तर कार्ड फाडून टाका. तो शब्द खरंच कामाचा असेल तर वाचनात पुन्हा आडवा येईल, आणि तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा शेजारही असेल.